नकाराचा रकाना

लसीचा निळा डबा मी सकाळी भरून नेते. संध्याकाळी तो रिकामा परत आला तर समजायचं, आज घरी सांगण्यासारखं काही घडलं नाही. पण एकही बाटली न फोडता जसाच्या तसा परत आला, की हमखास एक किस्सा जमा झालेला असतो! अठरा वर्षं मी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर नर्स म्हणून फिरतेय. माझ्याकडे किस्से किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

सरकारी रजिस्टरमध्ये या सगळ्यासाठी एकच अरुंद रकाना आहे. त्याचं नाव ‘नकार’. बाईने लस घेतली नाही की तिथे खूण करायची आणि पुढच्या नावाकडे वळायचं. ती काय बोलली, बोलताना हातातलं काम थांबवलं की नाही, हे लिहायला जागाच नाही. म्हणून ते सगळं माझ्या डोक्यात साचत गेलं.

काम तसं साधं. गरोदर बाईला धनुर्वाताच्या दोन सुया द्यायच्या, मध्ये चार आठवडे सोडून. शहरातले लोक मला विचारतात, “तुमच्याकडच्या बायका सुईला घाबरतात ना हो?” घाबरतात? गवत कापताना साप निघाला तर कोयत्याच्या टोकाने त्याला बाजूला सारून ज्या पुढचं मूठभर गवत धरतात, त्या माझ्या एवढ्याशा सुईला घाबरतील? त्या घाबरत नाहीत. त्या ‘नाही’ म्हणतात. दोन्हींत फरक आहे, आणि तो कळायला मला बरीच वर्षं लागली.

माझं माहेर इथल्याच कैनाडचं, म्हणजे मी काही परकी नाही. तरी पहिल्या दिवसापासून मी त्यांना सरकारची माणूस वाटत आले. माझ्याबरोबर असते लखमीताई, पाड्यावरची आशा कार्यकर्ती. तिचं तोंड माझ्यापेक्षा तिखट आणि पाय माझ्यापेक्षा वेगाने चालणारे. आणि आमच्या दोघींच्या विरुद्ध बाजूला बसलेली असते जेठी डोकरी. डोकरी म्हणजे म्हातारी. ही पाड्याची सुईण. “अर्धा पाडा माझ्या हातावर उतरला. कोणाला सुई लागली?” हे तिचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की ती श्वास घ्यायला थांबली तर पुढचं मीच पुरं करते.

* * *

पहिल्याच वर्षीची गोष्ट. अंगणवाडीत टेबल मांडून बसले होते. यादीत नऊ गरोदर बाया, हजर एकही नाही. अकरा वाजले, बारा वाजले. शेवटी लखमीताईला म्हटलं, चल, आपणच जाऊ.

पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्या घराला कुलूप. तिसऱ्यालाही. आता आमच्या पाड्यांवर दिवसा कोणी कुलूप लावत नाही. दार ओढून घेतात, फार तर कुत्रं शिरू नये म्हणून एक काठी आडवी टेकवतात. त्या दिवशी मात्र सगळ्या दारांना एकाच कंपनीची नवी कोरी कुलपं. लखमीताई म्हणाली, “तलासरीच्या बाजारात कुलूपवाल्याची दिवाळी झाली सिस्टर.”

शेवटच्या एका घरात धूर दिसला. एक बाई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत बसली होती. आठवा महिना सरत आलेला, आंधळ्यालाही दिसावा असा. मी आनंदाने डबा खाली ठेवला.

ती म्हणाली, “मी गरोदर नाय.”

“मग हे पोट?”

“आताच जेवली.”

मी लखमीताईकडे पाहिलं. लखमीताई अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “चला सिस्टर, तिला आराम करू द्या. जड जेवण झालंय.”

महिनाभराने त्या जेवणाच्या पाचवीच्या पूजेला मला बोलावणं आलं. मुलगी झाली होती. मी टोपडं घेऊन गेले. बाईने माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि सरळ डोळ्याला डोळा भिडवून हसली. एवढ्या आनंदात हरण्याची मला तोवर सवय नव्हती.

* * *

मग एका वर्षी बातमी फिरली, की ही सुई धनुर्वाताची नाहीच. ही घेतली की पुढे पोरं होत नाहीत, सरकारने गुपचूप काढलीय. बातमी कुठून आली ते कळलं नाही. अच्छाडच्या ढाब्यावर कोणी ट्रकवाल्याने सांगितली म्हणे. त्याच्या मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओसुद्धा होता म्हणे. आमच्याकडे मोबाइलमध्ये दिसलेलं सगळं खरं असतं, फक्त नर्सने सांगितलेलं खोटं.

मी अंगणवाडीत बायांना गोळा केलं आणि कामाला लागले. “ही बघा, हिने पहिल्या वेळी दोन्ही सुया घेतल्या, तिला त्यानंतर दोन झाली. ती पलीकडची, तिने घेतल्या, तिला तीन झाली. सुईने पोरं बंद होत असती तर ही कुठून आली?” उदाहरणावर उदाहरण. माझा घसा बसला. बाया ऐकत होत्या. मला वाटलं, जिंकले.

मागून एक बाई उठली. कडेवर एक, पदराला एक, आणि तिसरं बाहेर कोंबडीच्या मागे.

“म्हणजे ह्या सुईने पोरं बंद नाय होत?”

“नाही होत. अगदी नाही.”

ती खाली बसली. “मग मना नको. तेवढ्यासाठीच आली होती.”

सगळी अंगणवाडी हसली. मीही हसले, पण घरी येताना हसू राहिलं नाही. त्या बाईला जे हवं होतं ते मागायला ती कुठे जाणार होती? घरात बोलायची सोय नाही, दवाखान्यात नवरा बरोबर हवा. म्हणून ती एका अफवेच्या भरवशावर दोन किलोमीटर चालत आली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला शोधून काढलं आणि काय करता येतं ते नीट समजावलं. तो वेगळा विषय. पण तेव्हापासून मी अफवेलाही जरा मान देते. तिच्या पोटात कोणाची तरी गरज लपलेली असते.

* * *

मध्ये दोन वर्षं माझी बदली झाईला झाली होती. झाई म्हणजे महाराष्ट्राचं समुद्राकडचं शेवटचं टोक. तिथे एकाच गल्लीतल्या शेजारणी दोन राज्यांत राहतात आणि एकमेकींकडे विरजण मागायला जातात. तिथली हेतल नावाची एक बाई. सहावा महिना. मी गेले की गोड हसायची आणि सांगायची, “बेन, मी तर गुजरातमधी घेतली. माझं पियर तिकडं ना.” पियर म्हणजे माहेर. मी विश्वास ठेवला. बाई सभ्य वाटली.

पुढे एका लग्नात माझ्या शेजारी पलीकडच्या हद्दीतली नर्स बसली, हंसाबेन. दोन नर्सा एका पंगतीला बसल्या की जिलेबीचं कौतुक किती वेळ चालणार? लगेच पाड्यांचा विषय निघाला. हंसाबेन म्हणाली, “मारे त्यां एक हेतल छे. रोज सांगते, मी महाराष्ट्रमां घेतली.”

जिलेबी तशीच राहिली. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी आपापला डबा घेऊन हेतलच्या दारात. ती अंगणात बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालत होती. दोन राज्यांची आरोग्य खाती एकदम समोर पाहून कोणीही गडबडलं असतं. हिने हातातला बोंबील आधी नीट टांगला, मग हात पुसले.

“दोघींना खोटं सांगितलंस?” मी म्हटलं.

“सांगितलं. पण सारखंच सांगितलं. कोणाला कमी नाय, कोणाला जास्त नाय.”

मग तिने चहा टाकला. त्या दिवशी दोन्ही राज्यांची एकही सुई वापरली गेली नाही. बोंबील मात्र दोघींनी पिशवी भरून आणले. हंसाबेन स्वतः मासे खात नाही, तरी तिने आणले.

* * *

एकदा मोठे साहेब आले. कुठले ते सोडा. परत तलासरीत आल्यानंतरचीच गोष्ट. जीप, फ्लेक्स, हार, सगळं. साहेब बोलायला उभे राहिले आणि दहा मिनिटांत पाच वेळा ‘अडाणी’ म्हणाले. अडाणीपणामुळे, अडाणी समजुतींमुळे, तुम्ही अडाणी राहू नका. बाया गप्प बसल्या होत्या. आमच्या बाया गप्प बसल्या की मला भीती वाटते.

जेठी डोकरी पुढे सरकली. “साहेब, तुना पोरं किती?”

साहेब हसले. “दोन.”

“दोन्ही वेळी तू सुई घेतलीस?”

“मी? मी कशाला घेऊ?”

“मग बस तू. जिला टोचायची तिला बोलू दे.”

साहेब बसले! पुढे कोणी बोललं नाही तो भाग वेगळा, पण साहेब बसले. डोकरी माझ्या विरुद्ध पक्षाची. तरी त्या दिवशी माझ्या छातीत काहीतरी फुगलं ते खोटं कशाला सांगू.

खरी गंमत नंतर, जीपपाशी. साहेबांबरोबरच्या एका माणसाने मला बाजूला घेतलं. माझं रजिस्टर उघडून त्याने नकाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. “सिस्टर, बाकी केंद्रांचा हा रकाना स्वच्छ असतो. तुमच्याच इथे एवढ्या खुणा का? बाई नाही आली तरी समजून घ्यायचं असतं. कागद पुरा दिसला पाहिजे.”

मी म्हटलं, “घेते की समजून. पण मग तुम्ही धनुर्वातालाही समजवा. सांगा त्याला, की या बाईला कागदावर दिलेली आहे, तू जरा बाजूने जा.”

पंधरा दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. ती मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलीय, लग्नाच्या फोटोंच्या खाली. माझ्या रजिस्टरमध्ये एक ओळ खोटी नाही. नकार आहेत, भरपूर आहेत, पण जो आहे तो खरा आहे.

म्हणजे असं मी मान ताठ करून सांगत असे. मग रमिला भेटली.

* * *

रमिला ओढ्यापलीकडच्या पाड्यातली. वय तेवीस-चोवीस, उंबरगावच्या एका कारखान्यात जीपने जाणारी. तिसऱ्या महिन्यात लखमीताईने तिचं नाव नोंदवलं तेव्हाच मी मनात हिशेब केला. हिची तारीख श्रावणात येणार. श्रावणात ओढा भरला की त्या पाड्यावर जीप जात नाही, अॅम्ब्युलन्स जात नाही. बाळंतपण घरीच, जेठी डोकरीच्या हातून. म्हणजे त्याआधी दोन्ही सुया गेल्याच पाहिजेत. बाकी कोणाची एक चुकली तर मी रात्री झोपले असते. हिची चुकून चालणार नव्हती.

पहिल्या मंगळवारी मी नेहमीच्या सवयीने तिचा दंड धरला. तिने तो असा काही ओढून घेतला की माझ्या हातातला कापूस उडाला.

“आधी विचार.”

“काय विचारू?”

“देऊ का, असं विचार.”

तोवर सतरा-अठरा वर्षांच्या नोकरीत मी हा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता. आम्ही म्हणतो, ‘चला, हात वर करा.’ आम्ही म्हणतो, ‘दुखणार नाही.’ मी घसा साफ केला आणि विचारलं, “देऊ का?”

“नाय,” ती म्हणाली आणि उठून गेली.

कारण लखमीताईकडून कळलं. करोनाच्या वेळी कारखान्याच्या गेटवर रांग लावून बायांना सुया टोचल्या होत्या. रमिलाला तेव्हा तिसरा महिना. तिला कोणी विचारलं नाही की तू गरोदर आहेस का, कोणी सांगितलं नाही की हे काय आहे. दंड धरला, टोचलं, पुढची. चौथ्या दिवशी पोट पडलं. सुईने पडलं असं मी म्हणणार नाही, तिसऱ्या महिन्यात पुष्कळ कारणांनी पडतं. पण तिला कोणी विचारलं नव्हतं हे तर खरं ना?

पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी ती पुन्हा आली. स्टुलावर बसली. मी विचारलं, “देऊ का?” ती म्हणाली, “नाय.” मी नकाराची खूण केली. तिने वाकून ती खूण पाहिली, जागच्या जागी आहे ना याची खात्री केली आणि गेली. लखमीताई म्हणाली, “ही नाय बोलायलाच येते वाटतं.” खरंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं ‘नाही’ कोणीतरी लिहून घेत होतं.

तिसऱ्या खेपेला, सहाव्या महिन्यात, मी तिला सगळं सांगितलं. ओढा, श्रावण, धनुर्वात. अंगणवाडीत आम्ही चौघीच होतो. जेठी डोकरी कोपऱ्यात भिंतीला टेकून तंबाखू मळत होती. रमिलाने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “सिस्टर, तुना पोरगी हाय ना? ती पोटात होती तवा करोनाची तू घेतलीस?”

‘हो’ तोंडात तयार होता. अगदी जिभेच्या टोकावर. असा ‘हो’ मी त्याआधी पन्नास जणींना दिला होता.

पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला तो गिळावा लागला. मी म्हटलं, “नाही घेतली.”

लखमीताईने चमकून वर पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. गरोदर बायांना लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा मला पाचवा महिना होता. दिवसभर मी दुसऱ्यांची नावं यादीत लिहायची आणि मला मात्र आतून वाटायचं, आपल्या बाळाला काही झालं तर? तलासरीच्या केंद्रात विचारलं की मी सांगायची, डहाणूला घेतली. डहाणूला विचारलं की सांगायची, तलासरीत घेतली. युक्ती मी झाईला हेतलकडून शिकले होते! फक्त तिच्यासारखं तोंडावर कबूल करायची हिंमत माझ्यात नव्हती. आठव्या महिन्यात मला करोना झाला. पोरगी वेळेआधी झाली. ती नऊ दिवसांची होईपर्यंत मी तिला फक्त फोनवर पाहिलं, एका काचेच्या पेटीत. नऊ दिवस मी ऑक्सिजनच्या नळीत एकच गोष्ट म्हणत होते ती इथे लिहिणार नाही. दोघी वाचलो. पण आजही ती खोकली की मी आधी स्वतःला शिवी देते.

हे सगळं मी रमिलाला सांगितलं. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

ती म्हणाली, “खरी बोललीस. पण माझं नायच हाय.”

मी नकाराची तिसरी खूण केली. काय करणार?

तेवढ्यात कोपऱ्यातून जेठी डोकरी म्हणाली, “पोरी, तो धनुर्वात पोराला शिरतो कुठून?”

डोकरीने मला कधी काही विचारलं नव्हतं. मी खूश होऊन शिकवायच्या सुरात सांगून टाकलं, “नाळेतून, आजी. आईने सुया घेतल्या नसल्या आणि नाळ कापायचं हत्यार स्वच्छ नसलं, तर. बाळ आठवड्याभरात दूध सोडतं, अंग ताठ होतं. आता तुम्ही माझ्याकडून नवीन ब्लेड नेता, पूर्वी बांबूची कामटी असायची ना...”

डोकरीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. तळहातावरचा तंबाखू तिने जमिनीवर झटकला, उठली आणि काठी न घेताच बाहेर गेली.

लखमीताईने माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. “सिस्टर, काय बोललीस तू? डोकरीची स्वतःची तीन गेलीत. तिन्ही आठव्या दिवशी. आणि नाळ तिन्ही वेळी तिनेच कापलेली, स्वतःची स्वतः.”

काठी मी संध्याकाळी तिच्या घरी नेऊन दिली. तिने दार उघडलं नाही. काठी भिंतीला टेकवून मी परत आले.

* * *

आता शेवटचा किस्सा. खरं तर याच्यावरूनच मला कार्यालयातून दोनदा फोन आलाय. माझ्या रजिस्टरमध्ये गरोदर मातांच्या पानावर एक नोंद आहे: वय अंदाजे पंच्याहत्तर, धनुर्वाताची लस दिली. फोनवरचा मुलगा फार नम्र होता. म्हणाला, “मॅडम, चूक झालीय, दुरुस्त करून पाठवा.” मी म्हटलं, चूक नाही. तो म्हणाला, “मग वय चुकलं असेल.” मी म्हटलं, वयही बरोबर आहे. दुसऱ्या वेळी त्याने विचारलं, “मग मॅडम, ही नोंद कशात धरायची?” मी म्हटलं, तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

त्या मंगळवारी भाताचं बी पेरायची घाई होती, म्हणून बाया सकाळी लवकरच आल्या होत्या. सात-आठ जणी. रमिला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला सातवा लागला होता. आज पहिली गेली तर पुढच्या महिन्यात दुसरी बसत होती, ओढा भरायच्या आत. आज नाही तर नाहीच. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

रांग लावायच्या आधीच जेठी डोकरी आत आली. महिनाभर ती कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. नवं लुगडं नेसलेली, केसांना तेल लावलेलं. सरळ येऊन स्टुलावर बसली आणि चोळीची बाही वर सारली. दंड वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखा.

एक बाई हसली. “डोकरे, तुना कितवा महिना?”

डोकरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, “तीन दे.”

लखमीताई हातातली यादी घेऊन तशीच उभी राहिली. जी हसली होती तिने पदर तोंडाला लावला. पाड्यातल्या सगळ्यांना ती तीन पोरं माहीत होती, फक्त इतकी वर्षं कोणी त्यांचं नाव काढलं नव्हतं.

मी खाली बसले, तिच्या गुडघ्यांपाशी. “देऊ का, आजी?”

“दे.”

मी दिली. तिने डोळे मिटले नाहीत. कापूस दाबून धरला तर तिने माझा हात बाजूला केला. “दुसरी?”

“आजी, एका दिवशी एकच देता येते. आणि तुम्हाला एकच पुरे आहे.”

“एक पुरत नाय,” ती म्हणाली. ओरडली नाही. मीठ संपलंय असं सांगावं तसं सांगितलं. “तीन हायत.”

अठरा वर्षांत मी हजार कारणं ऐकली आणि हजार उत्तरं पाठ केली, त्यातलं एकही इथे चालणार नव्हतं. डोकरी उठेना. बाही वरच. बाहेर कोणाची तरी कोंबडी ओरडत होती.

चौकटीपाशी हालचाल झाली. रमिला आत आली, डोकरीच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली, आणि एका हाताने तिची बाही खाली ओढून नीट केली. मग स्वतःची वर सारली.

मी तोंड उघडलं, विचारायला.

ती म्हणाली, “डोकरीच्या दोन उरल्या ना? त्या मना दे. एक आज, एक पुढल्या महिन्याच्या मंगळवारी.”